किनोच्या समुद्रातलं झाड

एकशे अकराच्या जागी एकशे बारा. नेलिदा ब्राकामोन्तेसचं बोट रेखांशाच्या रकान्यात एवढंच घसरलं, आणि एर्मोसियो शहराबाहेरच्या शाळेमागचं पालो वेर्देचं झाड नकाशावर थेट किनो गावाजवळच्या समुद्रात जाऊन उभं राहिलं.

विद्यापीठाच्या संग्रहातल्या सुकवलेल्या फांद्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिचं. वाळवंटातल्या या हिरव्या खोडाच्या झाडानंच तिथली निम्मी कपाटं अडवलेली. त्यातला एक ठिपका नकाशावर चुकला तर कोणाला दिसणार? तो दिसला इंटरनेटवर, स्वीडनच्या प्राध्यापक लिंडक्विस्टना. हे झाड खाऱ्या पाण्यात जगतं कसं, असं त्यांनी मोठ्या अगत्यानं विचारलं.

संग्रहाचे प्रमुख डॉक्टर अर्विसू. त्यांनी नोंद न उघडताच कळवून टाकलं, की संशोधन सुरू आहे, आपण स्वतः येऊन पाहावं. असं ते सगळ्यांनाच कळवत. आजवर कोणी आलं नव्हतं. लिंडक्विस्ट आले.

तोवर नेलिदाला चूक सापडली होती. तिनं भीतभीत डॉक्टरांच्या कानावर घातली. डॉक्टरांनी उठून पंखा वाढवला.

"आता बोलून काय उपयोग?" ते म्हणाले. "होडीत बसवू त्यांना. पोट ढवळलं की आपणहून म्हणतील, परत चला."

किनोच्या किनाऱ्यावर चालियो कोळ्यानं तिघांना होडीत घेतलं. पोट ढवळलं, पण डॉक्टरांचं. ते काठावर ओणवे झाले आणि पाहुणे त्यांची पाठ चोळत बसले. तो भला माणूस पाठ चोळता चोळताही दुसऱ्या हातानं डोळ्यांवर सावली धरून क्षितिज न्याहाळत होता, जणू झाडच शोधत होता. नेलिदाला ते बघवेना.

"सर, इथं झाडबिड काही नाही. आकडा माझा चुकला. झाड शाळेच्या मागं आहे."

लिंडक्विस्टनी मान डोलावली. "ते मला तिकडेच कळलं होतं, बाई. आमच्या नोंदींतली पण कितीतरी झाडं समुद्रात आहेत. पण तुमच्या डॉक्टरांनी इतक्या ठामपणे बोलावलं, की म्हटलं, झाड नसू दे, माणूस तरी बघून यावा."

डॉक्टरांनी मान वर केली आणि तशीच परत खाली घातली.

इतक्यात चालियोनं इंजिन बंद केलं. समोर, लाटांवर डुलत, एक पालो वेर्दे येत होतं. त्या आठवड्यात डोंगरात ढग फुटले होते. कोरड्या ओढ्याला लोंढा आला आणि त्यानं ते मुळासकट उचलून आणलं होतं. खोड अजून हिरवंगार. वर एक पाणकोळी पक्षी ऐसपैस बसलेला.

लिंडक्विस्ट उठून उभे राहिले, मग खाली बसले. झाड जवळ आलं तेव्हा त्यांनी एक डहाळी मोडून घेतली. नेलिदानं सवयीनं वर्तमानपत्राची घडी उलगडून डहाळी तीत ठेवली आणि पेन्सिल काढली.

"जागा कोणती लिहू?" तिनं विचारलं.

चालियोनं वाहत चाललेल्या झाडाकडे पाहिलं.

"लवकर लिहा, बाई. निघालंय ते."