ग्रामपंचायतीतली बाय

कातळवाडी ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर आपल्या जिवावर चालतो, असं तिथला ऑपरेटर दीपेश पोलादपूरच्या एसटी स्टँडवर छाती फुगवून सांगत असे. खरी गोष्ट अशी, की दोन हजार तीन साली आलेल्या त्या यंत्राकडे सहा महिन्यांत एक माणूस फिरकला नव्हता. दाखला हवा असला की लोक ग्रामसेवकाला वाटेत गाठून हातानेच लिहून घेत. शेवटी तालुक्याहून निरोप आला. सोमवारी साहेब पाहणीला येणार, आणि कॉम्प्युटर नुसता पडून असेल तर जीपमध्ये घालून शेजारच्या गावाला देणार. त्याच जीपमधून दीपेशची नोकरीही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"लोकं कशी येत नाय तेच बघतो," दीपेश म्हणाला.

त्याने महाडच्या कॉम्प्युटर क्लासवाल्या ताबिशकडून एक सीडी आणली. ती टाकली की पडद्यावर वीतभर उंचीची बाई यायची आणि जे काम उघडं असेल त्याच्या माथ्यावर चढून कंबर हलवत नाचायची. बातमी दुपारपर्यंत वरच्या वाडीला पोचली. दुसऱ्या दिवसापासून ज्याला त्याला दाखला हवा झाला. चांगू नावाच्या गृहस्थाने तर स्वतःच्या हयातीचा दाखला दोनदा नेला. एकच पंचाईत होती. बाईला घालवायचं कसं, ते ताबिशने सांगितलं नव्हतं आणि दीपेशने विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मोरू आणि त्याची बायको चंद्राबाई, मोरूच्या आईच्या मृत्यूचा दाखला न्यायला आले. दीपेशने नाव टाइप केलं, आणि बाई टुणकन उडी मारून म्हातारीच्या नावावरच नाचू लागली.

"माझी आय गेली नि ही कोन टवळी नाचते रे?" मोरूने काठी उचलली.

दीपेशने माऊस आपटला, कीबोर्ड बडवला. बाईने गिरकी घेतली. तेवढ्यात चंद्राबाई मधे पडली. "सासूला शान्नवाव्या वर्साला वाजतगाजत नेली. तवा बाज्याफुडं कोन नाचलं, सांगू का सगल्यांना?"

मोरूने काठी खाली ठेवली. जरा वेळ पडद्याकडे बघून तो म्हणाला, "पाय बराबर टाकते पन." हे ऐकून मागची सगळी गर्दी पुढे सरकली.

इतक्यात बाहेर जीप थांबली. सरकारी यंत्रात नाचरी बाई ठेवली, हे साहेबांनी पाहिलं तर नोकरी जागच्या जागी खलास! दीपेशने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

"लाईट गेली, साहेब."

साहेब गर्दीकडेच बघत राहिले. "एवढी माणसं कॉम्प्युटरसाठी? दाखले मिळतात का वेळेवर?"

"मिलतात की," चंद्राबाई म्हणाली. "बाय हाय ना कॉम्पुटरवर."

"अच्छा. जागेवर बसतात का बाई, की गप्पा मारत फिरतात?"

"येक सबूद बोलत नाय. बसत तर नायच, सारकी पायावर."

"आत्ता कुठे आहेत?"

"लाईट गेली का जाते," मोरूने खुलासा केला. "लाईट आली का हजर. येक दिस खाडा नाय."

"आणि हा?" साहेबांनी दीपेशकडे बोट केलं.

"हा बगत बसतो."

दीपेशने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर बाई कोण तेही सांगावं लागणार. त्याने तोंड मिटलं.

साहेबांनी भेटीच्या वहीत शेरा लिहिला, सही ठोकली आणि जीप निघून गेली. कॉम्प्युटर राहिला, नोकरीही राहिली! दीपेशचा आनंद गगनात मावेना. त्याने वही उघडून साऱ्या गावापुढे खणखणीत आवाजात वाचायला घेतलं, "लोकसहभाग उत्तम. संगणक येथेच ठेवावा. संगणकावरील बाईंचे काम अत्यंत समाधानकारक." टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटची ओळ मात्र त्याने मनातल्या मनातच वाचली. 'सोबतच्या इसमाने त्यांच्याकडून काम शिकून घ्यावे.'