सात नंबरच्या ओळीतली जुडी

जत्रेच्या सकाळी नॉर्बर्ट टीग्स कोठारात गेला, तर लॅव्हेंडरची त्याची खास जुडी गायब. शेतातल्या सात नंबरच्या ओळीतली, शेवटचं फूल उमलेपर्यंत थांबून कापलेली. फुलं कोठारातल्या वाऱ्यानेच झडतात अशी त्याची खात्री होती, म्हणून यंदा ती त्याने कागदी पिशवीत घालून वाळत टांगली होती. नऊ वर्षं जत्रेतल्या वाळलेल्या जुड्यांच्या स्पर्धेत पहिल्या बक्षिसाची निळी फीत दुसऱ्यांच्या शेतावर गेली होती. यंदा ती आपल्या फाटकावर लागणार, हे त्याने पोस्टमनलासुद्धा सांगून ठेवलं होतं.

"पिशवीतली होय?" बायको व्हर्ना म्हणाली. "ती मी रस्त्याकडेच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, गिऱ्हाइकासाठी बांधून ठेवलीस."

टेबलावर पैशांचा डबा तेवढा होता. तिथे राखणीला कोणी बसत नाही; लोक डब्यात पैसे टाकतात आणि जुडी उचलून चालू लागतात. विचारायचं कुणाला? नॉर्बर्टने डब्याकडेच रागाने पाहून घेतलं.

व्हर्नाने आपली जुडी पुढे केली. ती दर जूनमध्ये दोन-चार फुलं उमलली, की लगेच कात्री चालवायची आणि नॉर्बर्ट दरवर्षी तिला चिडवायचा, "फुलं तरी येऊ दे की, कळ्या कसल्या कापतेस!" आता तीच किडकिडीत जुडी घेऊन तो तोंड पाडून जत्रेला निघाला. आपल्या नावाची चिठ्ठी त्याने आठवड्यापूर्वीच लिहिली होती, तीच लावली.

परीक्षक बाई प्रत्येक जुडी पांढऱ्या कागदावर उलटी धरून तीनदा झटकत होत्या; जिची फुलं सगळ्यात कमी झडतील, ती पहिली. कुणाच्या जुडीने कागद जांभळा केला, कुणाच्या जुडीने बाईंचे बूटसुद्धा. व्हर्नाच्या जुडीतून फक्त दोन फुलं पडली. बाईंनी तिला निळी फीत लावली आणि नॉर्बर्ट टीग्सचं नाव पुकारलं.

नॉर्बर्ट पुढे गेला. नऊ वर्षं घोकलेलं भाषण त्याला तोंडपाठ होतं. क्षणभर त्याने फितीकडे पाहिलं, मग खिशातून पेन काढून चिठ्ठीवरचं आपलं नाव खोडलं.

"ही माझ्या बायकोची आहे," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. मग टोपी काढून तिसऱ्यांदा. इतका अभिमान त्याला स्वतःच्या कुठल्याच ओळीचा वाटला नव्हता. व्हर्ना लाजून खाली बघत होती, पण हसू तिला आवरत नव्हतं.

तेवढ्यात शेजारीण लोरेन हॅस्केट गर्दीतून पुढे आली. तिचा पांढरा स्कर्ट मांडीवर जांभळा झाला होता.

"व्हर्ना, सकाळी तुमच्या टेबलावरून पिशवी घेतली मी," ती म्हणाली. "गाडीत उघडून पाहिली, तर हातात नुसत्या काड्या. फुलं सगळी माझ्या अंगावर. तुझी जुडी अशी कशी गं?"

सगळे व्हर्नाकडे बघू लागले. ती काही बोलणार, तोच नॉर्बर्टने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"ती माझी," तो म्हणाला. या वेळी मात्र त्याने एकदाच सांगितलं.