पुढचं चाक आणि आत्याबाईंची मान

"चाक थरथरतंय ना? थरथरू द्या! माणसाला दुखलं की माणूस कण्हतो, गाडीला दुखलं की गाडी थरथरते. कुठं दुखतंय तेवढं ओळखायचं. हाय काय आन् न्हाई काय!"

यवतच्या स्टँडासमोर चहाच्या टपरीवर मारुतराव दोरगे हे बोलले, तेव्हा ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मारुतरावांपुढं मान डोलावणं सोपं पडायचं. नाही म्हटलं की ते समजावून सांगायला बसत!

मारुतराव झेंडू आणि शेवंतीचे बागायतदार. फुलं उत्तम पिकवायचे, पण जीव सगळा यंत्रात! गावात कुणाचं इंजिन बंद पडो, शिवणयंत्र अडो, नाहीतर रेडिओ खरखरो, मारुतराव बोलावण्याची वाट न बघता हजर. उघडलेली वस्तू ते पुन्हा मिटवतही. फक्त दर वेळी दोन-चार स्क्रू उरायचे. "कंपनी उगं जादा घालती," असं म्हणून ते स्क्रू खिशात टाकायचे.

दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं, आणि मारुतरावांनी खडकीच्या लिलावातून मिलिटरीची एक जुनी मोटारसायकल आणली. तीन चाकांची! दोन गाडीची आणि तिसरं शेजारी जोडलेल्या डब्याचं. त्या डब्यात माणूस पाय लांब करून बसायचा. गावानं त्याला लगोलग 'पाळणा' नाव ठेवलं.

गाडी झकास होती. खोट एकच. बैलगाडीच्या चालीनं गेली तर गोगलगाय. पण जरा वेग घेऊन सायकलवाल्याला मागं टाकायला गेली, की पुढचं चाक हिवताप आल्यासारखं थरथरायला लागायचं! हँडल थरथरायचं, मारुतरावांचे हात थरथरायचे, मिशा थरथरायच्या. त्याच्या पुढचा वेग कसा लागतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथवर जायची छाती कुणाची होती?

मारुतरावांनी हवा कमी केली. थरथर तशीच. हवा वाढवली. थरथर तशीच. हँडलमधले छर्रे काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवले. दोन उरले. थरथर तशीच!

मग त्यांना एक सिद्धांत सुचला.

"हे बघ," ते बायकोला म्हणाले, "थरथर दोन जातीची आसती. चाक वर-खाली उडत आसंल तर टायरला टेंगूळ. डाव्या-उजव्या अंगाला हालत आसंल तर रिम वाकडी. पण मी चालवताना माझं डोळंच थरथरत्यात, मला काय दिसणार? तवा तू पाळण्यात बस. मी तुझी मान बघतो. मान व्हय-व्हय करायला लागली तर टायर. न्हाई-न्हाई करायला लागली तर रिम!"

धुरपदाबाई बसल्या. स्टेशनच्या रस्त्यानं एक फेरी झाली. मान सारखी 'नाही-नाही' करत होती.

"रिम!" मारुतराव ओरडले.

"कसली रिम?" धुरपदाबाई उतरता उतरता म्हणाल्या. "माझी मान तुमच्यासंगं लगीन झाल्यापासनं न्हाईच म्हणतीया. तुम्हाला आज दिसली!"

म्हणजे ही तपासणी बाद. तटस्थ मान पाहिजे होती.

ती मान पुढच्याच आठवड्यात आपण होऊन चालून आली.

मारुतरावांच्या सिंधूला शिरूरचं स्थळ आलं होतं. मुलगा खंडू, पोस्टात कारकून, निर्व्यसनी. एका लग्नात सिंधूनं त्याला पंगतीत वाढताना पाहिला होता. तेव्हापासून स्थळाचा विषय निघाला की ती चुलीतलं लाकूड उगीचच मागं-पुढं करायची. मुलाचे वडील बबनराव भले माणूस. पण खंडूला आईमागं वाढवलं त्याच्या आत्यानं, पार्वतीबाईनं. तेव्हा शब्द आत्याबाईंचा! त्या केडगावला लेकीकडं आल्या होत्या. तिथून यवतला येऊन मुलगी बघणार होत्या.

"एसटीनं येत्याल," धुरपदाबाई म्हणाल्या.

"घरची गाडी आसताना?" मारुतराव म्हणाले.

येताना त्यांनी आत्याबाईंना बैलगाडीच्या चालीनंच आणलं. आत्याबाई आल्या, मुलगी बघितली, जेवल्या. भरलं वांगं दोनदा मागून घेतलं. बोलल्या मात्र काही नाहीत. "निरोप शिरूरहून येईल," एवढंच म्हणाल्या. घरोघरची रीतच ती.

परत सोडताना उन्हं चढली होती. आत्याबाई म्हणाल्या, "जरा हाना की बिगीनं! ऊन लई हाय."

मारुतरावांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी मूठ पिळली. चाकाला हिवताप भरला. आत्याबाईंनी पदराचं टोक दातात धरलं, दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली आणि डोळे मिटले.

चौफुल्याला चहाच्या हॉटेलासमोर म्हाळू उभा होता. म्हाळू म्हणजे धुरपदाबाईंचा धाकटा भाऊ. आवाज असा, की या बांधावरून बोलला तर चौथ्या बांधावरची बैलं थांबायची. गाडी जवळून जाताना तो ओरडला, "आत्याबाई, पसंत हाय का आमची सिंधू?"

आत्याबाईंची मान डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं! नाही-नाही-नाही!

म्हाळूच्या हातातली बशी वाकडी झाली.

आणि मारुतराव? म्हाळूनं काय विचारलं याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी फक्त मान पाहिली.

"सापडलं!" ते स्वतःशीच म्हणाले. "रिमच वाकडी!"

आत्याबाईंना केडगावात लेकीच्या दारात उतरवून ते तडक गेणबाच्या सायकलच्या दुकानात गेले.

"गेणबा, हातोडा दे."

"आधी चाक जाग्यावर फिरवून तर बघा," गेणबा जांभई देत म्हणाला.

"फिरवून काय बघायचंय? माणसाची मान खोटं बोलत न्हाई!"

गेणबा हातोडा देऊन जेवायला निघून गेला. मारुतरावांनी चाक खोललं, टायर काढला, आणि रिमला उजवीकडून असं काही ठोकलं की समोरच्या झाडावरचे कावळे उठले! मग टायर पायानं दाबून बसवला. एका जागी तो जरा फुगून राहिला. "बसंल हळूहळू," म्हणून त्यांनी नट आवळले आणि यवतचा रस्ता धरला.

वाटेत शिरूरची एसटी समोरून आली. खिडकीत म्हाळू होता. त्यानं मूठ वळून दाखवली. मेव्हणा गाडीला सलाम करतोय असं वाटून मारुतरावांनीही हात केला.

घरी आले तर ओसरीवर बायाबापड्या जमलेल्या. धुरपदाबाईंच्या डोळ्याला पदर. मारुतराव हसत हसतच पायरी चढले.

"आत्याबाईनी न्हाई म्हणून सांगितलं, आन् तुम्ही हासताय?" धुरपदाबाई कडाडल्या.

"व्हय! न्हाईच म्हणत हुत्या! मला त्यातच तर सापडलं!"

"काय सापडलं?"

"रिम!"

एका म्हातारीनं मारुतरावांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

हळूहळू उलगडा झाला. म्हाळूनं चौफुल्याहून येऊन सांगितलं होतं, की आत्याबाईंनी भर रस्त्यात पोरीला नापसंत केली. दाजी शेजारी बसून ऐकत होते आणि वर हसत होते! तेव्हा धुरपदाबाईही पेटल्या. "त्यांच्या आधी आपणच न्हाई म्हणायचं! जा रं म्हाळू, शिरूरला जाऊन सांग, आम्हालाच पोरगं पसंत न्हाई!"

"अगं, पण ती मान चाकानं हालत हुती!"

सिंधू उंबऱ्यात उभी होती. तिथूनच म्हणाली, "न्हाई म्हणायचं आसतं, तर वांगं दोनदा कशाला मागून घेतलं आसतं?"

आणि आत जाऊन रडायला लागली.

इतका वेळ मारुतरावांच्या डोळ्यांसमोर फक्त चाक होतं, आता पोरगी दिसली.

"म्हाळूला गाठायचा!" ते उठले.

"मी बी येते," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि आपण होऊन पाळण्यात बसल्या.

चौफुल्यापर्यंत गाडी थरथरत गेली. एसटी चहापाण्याला थांबून नुकतीच सुटली होती. लांबवर धूळ दिसत होती.

"आशानं घावत न्हाई एसटी," धुरपदाबाई ओरडल्या. "पळवा!"

"चाक निखळंल!"

"पोरीचं लगीन निखळतंय, ते बघा आधी!"

मारुतरावांनी खंडोबाचं नाव घेतलं आणि मूठ शेवटपर्यंत पिळली. थरथर वाढली. दात वाजायला लागले, डब्याचा पत्रा वाजायला लागला. आणि एकाएकी सगळं शांत! गाडी पाटाच्या पाण्यासारखी वाहायला लागली. थरथरीच्या पलीकडं असा काही मुलूख असतो, हे मारुतरावांना ठाऊकच नव्हतं! ऊस मागं गेला, बाभळी मागं गेल्या. धुरपदाबाईंच्या तोंडावर वारा लागत होता, आणि काळजी होती तरी त्यांना जरा मजाच वाटली.

न्हावऱ्याला एसटी उभी दिसली. मारुतरावांनी वेग कमी केला. वेग कमी केला म्हणजे परत थरथरीच्या मुलखात आले! त्यात एसटीनंही घंटी देऊन चाल धरली. आता एसटी आणि पाळणा शेजारी शेजारी.

म्हाळूनं खिडकीतून डोकं काढलं. "ताई! तू कशाला आलीस? सांगतो म्हणलं ना! ठणकावून सांगू ना त्यांना?"

धुरपदाबाईंना ओरडायचं होतं 'नको'. तोंडातून आलं, "न-न-न-न..." आणि मान? फुगलेला टायर चाकाला वर-खाली उडवत होता. धुरपदाबाईंची मान गुबूगुबू वाजल्यावर नंदीबैलाची हलते तशी हलत होती. व्हय-व्हय-व्हय!

"बास! काळजी करू नगंस!" म्हाळू ओरडला. एसटी धूर सोडून निघून गेली.

"अगं, व्हय म्हणतीयास तू!" मारुतरावांना राहवलं नाही. "म्हंजी रिम सरळ झाली! आता फक्त टायर!"

धुरपदाबाईंनी जे उत्तर दिलं, ते थरथरीमुळं कुणालाच नीट ऐकू आलं नाही. चांगलंच झालं ते.

शिरूरला बबनरावांच्या ओसरीवर पोचले तेव्हा म्हाळू निरोप सांगून पाणी पीत होता. खंडू खांबाला टेकून उभा होता. पोस्टाचा शिक्का चेहऱ्यावरच बसावा तसा काळवंडला होता. बबनराव दुखावल्या आवाजात म्हणाले, "मारुतराव, आक्काचा निरोप अजून आमाला न्हाई. आन् तुम्ही आधीच न्हाई म्हणून मोकळं?"

मारुतरावांनी हात जोडून सगळं सांगितलं. चाक, टेंगूळ, रिम, मान.

"चाकानं माणसाची मान हालती?" बबनराव म्हणाले. "पाव्हणं, चेष्टा करताय व्हय गरिबाची?"

"बसून बघा!"

बबनराव फेटा सावरून पाळण्यात बसले. गाडी बाजारपेठेतून निघाली. मारुतीच्या देवळापाशी यात्रेची पंचमंडळी बसली होती. त्यातला एक उठून म्हणाला, "बबनराव, औंदा यात्रेची पंगत तुमच्याकडं धरू का?"

व्हय-व्हय-व्हय!

दुसरा म्हणाला, "गोडाची?"

व्हय-व्हय-व्हय-व्हय!

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बबनराव परत आले ते हातात फेटा घेऊन. ओसरीवर बसून घोटभर पाणी प्याले आणि म्हणाले, "पटलं."

"मग खंडूचं आन् आमच्या सिंधूचं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"मला काय इचारता? उद्या आक्का आली की कळंल. ऱ्हावा आज इथंच."

ती रात्र सगळ्यांनीच कूस बदलत काढली. खंडूनं तर अंगणात जाऊन त्या गाडीकडं असं काही पाहिलं, की बैल असता तर बुजला असता.

सकाळच्या एसटीनं आत्याबाई आल्या. ओसरीवर एवढी माणसं बघून दारातच थांबल्या. म्हाळूला काही दम निघेना. "आत्याबाई, आता गाडी न्हाई, चाक न्हाई. नीट सांगा. पोरगी पसंत हाय का न्हाई?"

"म्हंजी काय? बघताक्षणीच पसंत पडली! हाताला चव हाय पोरीच्या."

खंडू घरात पळाला. धुरपदाबाईंनी आत्याबाईंचे पायच धरले. मारुतराव विजयानं उभे राहिले. "ऐकलं? मी काय सांगत हुतो? ती मान आत्याबाईनी हालवलीच न्हवती! चाकानं हालवली! रिम वाकडी हुती!"

"कवाची मान?" आत्याबाईंनी विचारलं.

"चौफुल्याची! म्हाळूनं इचारलं तवाची!"

"ती व्हय? ती मीच हालवली की! त्या खडखडाटात मला वाटलं ह्यो इचारतोय, आत्याबाई, च्या घेणार का? म्हणलं नगं बाबा! एकदा उतरले तर ह्या पाळण्यात परत बसायचा धीर व्हायचा न्हाई. म्हणून जोरानं न्हाई-न्हाई केलं. चाकानं मी खालनं वर उडत हुते, आडवी न्हवं!"

मारुतराव तोंड उघडून उभे. म्हणजे रिम सरळच होती. हातोड्यानं ठोकेपर्यंत!

बबनरावांनी सहज विचारलं, "मग पाव्हणं, त्या चाकात दोष तरी नेमका काय?"

"त्याचं आसं हाय..." मारुतराव म्हणाले, आणि खिशातले उरलेले स्क्रू चाचपायला लागले.

धुरपदाबाईंनी पिशवी उचलली. "आत्याबाई, चौफुल्याकडं जाणारी एसटी कवा हाय?"

मारुतराव गाडी बबनरावांच्या अंगणातच सोडून गुमान त्यांच्या मागून गेले. स्टँडावर गर्दी फार होती. पण एसटी लागल्याबरोबर त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आणि खिडकीशी स्वतःच बसले.