वामकुक्षीत पास झालेलं पुस्तक

दातारकाका पुस्तक निवडतात ते झोपून. थट्टा नाही, खरोखर झोपून. दुपारचं जेवण झालं की चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या आपल्या दोन खोल्यांत ते आरामखुर्ची खिडकीशी ओढतात, नवं पुस्तक उघडतात, चार पानं वाचतात, ते छातीवर पालथं घालतात आणि घोरायला लागतात. समुद्रावरचं वारं सुटलं की उठून निकाल सांगतात. पुस्तक स्वप्नात आलं तर पास. नाही आलं तर, "नापास! घेऊन जा, मंगल."

मंगल म्हणजे मी. आठवडाभर बँकेत, आणि रविवारी चेन्नईतल्या मराठी मुलांच्या भाषावर्गात. वर्ग आम्ही दोघंच चालवतो. काका रेल्वेतून निवृत्त, म्हणजे वेळच वेळ. सुट्टीत पुण्याहून पुस्तकांच्या पिशव्या मी वाहून आणायच्या, खांदे माझे दुखायचे, आणि निकाल लावणार कोण, तर यांची झोप!

"अहो काका, मुलांना वाचायला शिकवायचंय. स्वप्नं कसली बघताय?"

"पुस्तक मिटलं की त्यातली माणसं गप्प होत असतील, तर ती पोरांशी काय बोलणार?" असं म्हणून ते शांतपणे तांब्यातलं पाणी प्यायचे.

कप्पाळ! शब्दकोशालाही त्यांनी हीच परीक्षा लावली होती. तो मात्र पास झाला. "दोन म्हातारे शब्द भांडत होते," डोळे मिटूनच म्हणाले, "आणि काय सुरेख मराठीत भांडत होते गं!"

तरी आमचं निभत होतं. मग वर्गात मैत्रेयी आली. वय नऊ. बाबा नगरचे, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये, आई तमिळ. ही पोरगी पुस्तक वाचायची नाही, फस्त करायची. गोष्टी संपवल्या, शब्दकोश संपवला, माझ्या पर्समधलं छोटं पंचांगसुद्धा सोडलं नाही. वर "मावशी, अजून आहे?" हे आहेच.

एके दिवशी तिचे बाबा अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तिच्यासाठी इथे आता काही उरलं नाही. जूनपासून रविवारी गणिताच्या क्लासला घालतो."

काकांचा चेहरा पडला. "मे महिना द्या," ते म्हणाले. "तिला पुरून उरेल असं पुस्तक शोधतो."

मे महिना उन्हात भाजून निघाला. मी प्रवासवर्णनं आणली, शास्त्रज्ञांची चरित्रं आणली, कोडी आणली. काका रोज झोपले आणि रोज नापास म्हणाले. खुर्चीशेजारी ढीग वाढत गेला. शेवटच्या रविवारी माझं डोकंच फिरलं. मैत्रेयीला घेऊन दुपारी मी सरळ त्यांच्या घरी गेले. आज काहीही करून पुस्तक ठरवायचंच! तिचे बाबा खाली गाडीत थांबले.

दार उघडंच होतं. काका झोपले होते. मैत्रेयीने त्यांचा दंड हलवला. "आजोबा, आलं का स्वप्नात?"

"पुस्तक नाही गं," ते अर्धवट झोपेत म्हणाले. "जानकी आली होती."

जानकीकाकू म्हणजे त्यांची बायको. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"साप्टाच्चा, म्हणाली. जेवलात का." काका सावरून बसले. "हल्ली तमिळच बोलते."

मला हसू फुटणार होतं. कारण काकू उभा जन्म इथे काढूनही फुलवालीशी मराठीतच भांडायच्या, आणि वर जिंकायच्या!

"घरात मराठी बोलायला कोणी उरलं नाही, मंगल," काका म्हणाले. "दूधवाला तमिळ, वाणी तमिळ. आठवडाभर तेच कानांत. मग तीही तशीच ऐकू येते. बोलते छान. पण आवाज तिचा वाटत नाही गं. म्हटलं, एखादं पुस्तक तिला परत मराठीत बोलायला लावेल."

मला भडभडून आलं. मैत्रेयी मात्र गणित सोडवावं तशा कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"आजोबा, तुम्ही मनात वाचता. मनात वाचून कानांना कसं कळणार?"

नापास ढिगातलं एक पुस्तक उचलून तिने जमिनीवर बसकण मारली आणि मोठ्यांदा वाचायला लागली. तिच्या मराठीला आईच्या तमिळचा हेल आहे. मध्येच थांबून ती विचारी, "असं म्हणतात? आजी कशी म्हणायची?" काका म्हणून दाखवत. ती तसंच पुन्हा म्हणे. मन भरलं नाही तर आणखी एकदा.

खालून हॉर्न वाजला. ती खिडकीतून ओरडली, "बाबा, रविवारी मी इथेच येणार! गणित तुम्ही शिकवा!" हॉर्न बिचारा गप्प झाला.

समुद्रावरचं वारं आलं. काकांची मान कलली.

"झोपले," ती कुजबुजली. "आता पास की पुन्हा नापास?"

"तू वाच," मी म्हटलं.

ती वाचत राहिली. काका झोपेत हसले आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "हो गं, जेवलो."