टेंबेकाका आणि आईचे गुडघे

टेंबेकाका माणसाचं नाव विचारण्याआधी त्याचे गुडघे ऐकतात. छत्रीबागेत आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले त्या दिवशी मी त्यांना चहाला बोलावलं, तर चक्क माझ्यासमोर फरशीवर बसले. "जरा उठा-बसा, भिया. पंखा बंद करा. हां... चकाचक!" मग खिशातून तेलाची कुपी काढून त्यांनी आमच्या दाराच्या बिजागरीत थेंब सोडले आणि तेव्हा कुठे स्वतःचं नाव सांगितलं.

सांवेर रोडच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर बेअरिंगचे इंजिनीअर होते. घर्षणाशी त्यांचं खासगी वैर. गल्लीतली एकही सायकल, एकही फाटक त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. हात जोडायचे ते फक्त माणसाच्या सांध्यापुढे. "आम्ही जिंदगीभर ग्रीस भरत राहिलो, आणि देवाने बघा, स्वतःचं वंगण स्वतःच करणारं मशीन काढलंय!"

गुडघे दुखतात म्हणून दिवाळीनंतर आईने चालणं सोडलं होतं. तुकोगंजचे डॉक्टर सांगून थकले, झीज थोडीशीच आहे, चाला. आईचं म्हणणं वेगळं. "हाडांमधली गादी, उरलीय ती कूर्चा, जपून वापरते. चालून घासून टाकू का?" दिवसभर पलंगावर. आधी खिडकीतून मैत्रिणींना हात तरी करायची, मग तेही बंद झालं.

काकांना हे कळलं आणि ते ओला स्पंज आणि काचेच्या दोन बशा घेऊन वर आले. बशांमध्ये स्पंज धरून दाबला. पाणी बाहेर आलं, वरची बशी सुळकन सरकली. हात सैल केला, स्पंजाने पाणी परत ओढून घेतलं.

"वहिनी, ही तुमची कूर्चा. वजन पडलं की आतलं पाणीच भार झेलतं, मतलब हाडाला हाड लागतच नाही. वर वंगणाचा पातळ थर. बर्फावर बर्फसुद्धा इतका घसरत नाही! आणि हिला रक्त पोचत नाही, बरं का. दाबली-सोडली की त्या पाण्यातूनच हिचं जेवण होतं. तुम्ही बसून राहिलात की ही उपाशी."

"उपाशी?" आईचा चेहरा बदलला. तिच्या घरात कुणी उपाशी राहिलेलं तिला चालत नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघं निघाली. आधी जिना, मग पानवाल्याचा कोपरा, मग नदीचा पूल. दुखलं की काका तिला ओट्यावर बसवून बेअरिंगचे किस्से सांगायचे. ते ऐकण्यापेक्षा चालणं बरं, म्हणून आई उठायची.

आणि संक्रांतीला तिने जाहीर केलं, तिळगूळ द्यायला लीलामावशीकडे जाणार. आईची शाळेपासूनची मैत्रीण. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काळी साडी नेसून आई एकेक पायरी चढू लागली, मागे आम्ही. दुसऱ्या मजल्यावर गुडघा कटकन वाजला. सगळे गोठलो.

"दुखलं?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग वाजू द्या! बँडबाजा समजा!"

लीलामावशीने दार उघडलं, आईला पाहिलं आणि तिळगूळ-बिळगूळ विसरून मिठीच मारली. आवाजाने जिन्यात आलेली शेजारची माणसं टाळ्या वाजवू लागली. काका दोन्ही हात वर करून ओरडत होते, "क्या बात है! भिया, क्या बात है!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला घंटी वाजली. आईनेच दार उघडलं.

"टेंबेजी, आता तुम्हाला त्रास नको. मी एकटी जाऊ शकते."

"हो, हो. बरोबर." काका हसले, पण दारातून हलले नाहीत. मफलर सोडला, परत गुंडाळला. "नाही, मतलब... सुमन गेल्यापासून सकाळी कुणासाठी तयार व्हायचं, हा प्रश्नच होता, वहिनी. या थंडीत मी रोज वेळेवर दाढी केली."

बायकोचं नाव त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

आईने खाली बघत चपला पायात सरकवल्या, दार ओढून घेतलं.

"एकटी जाऊ शकते म्हटलं, टेंबेजी. एकटी जाणार आहे, असं कुठे म्हटलं?"