ज्या घरचा शब्द त्या घरी

आमच्या घरच्या सत्यनारायणाला रामटेकेभाऊ पूजेत बसत नाहीत, बाहेर व्हरांड्यात बसतात. पण गेल्या खेपेला मी आतून ओरडलो की कोणीतरी नारळ फोडा रे, तर हा गृहस्थ पूजेला बसलेली अर्धी कॉलनी ओलांडून आत आला आणि भटजींच्या देखत म्हणाला, "भुरेभाऊ, नारळ फोडत नाई. वाढवतेत."

भटजींनी मान डोलावली. माझ्या घरात, माझ्या पूजेत आणि माझीच दक्षिणा घेऊन.

जवाहरनगरच्या क्वार्टरांत आम्ही भिंतीला भिंत लागून राहतो, एकाच बसने फॅक्टरीत जातो. रामटेके आणि त्यांची म्हातारी आई, घरात दोघंच. लग्नाच्या भानगडीत ते पडले नाहीत. छंद एकच. पवित्र वस्तू कोणाचीही असो, तिला त्या घरचा शब्द मिळाला पाहिजे. गणपती विकत घेत नाहीत, आणतात. दर्ग्यावर चादर टाकत नाहीत, चढवतात. आमच्याच रांगेतल्या ग्यानसिंग सरदारजींना मी एकदा बसमध्ये सांगत होतो की नागपूरला तुमच्या गुरुद्वाऱ्यात लंगर हाणलं. तेवढ्यात पुढच्या सीटवरची मान वळली.

"लंगर छकतेत, भुरेभाऊ. हाणतेत ते मटण."

सरदारजींनी चालत्या बसमध्ये उठून त्यांना मिठी मारली. माझ्याशी या सरदारजीने कधी धड हातही मिळवला नव्हता. वर रामटेकेंचं ते वाक्य, सुपारीसारखं कायम गालात धरलेलं: "ज्या घरचा शब्द त्या घरी."

हा माणूस इथे राहायला येईपर्यंत कॉलनीतला प्रत्येक माइक माझा होता. माझा आवाज असा, की मी नुसतं हॅलो म्हटलं तरी वैनगंगेत डुंबणाऱ्या म्हशी घाबरून आपापल्या गोठ्याकडे निघत. आता दुर्गा असो, उरूस असो, बुद्धपौर्णिमा असो, सगळे म्हणतात, रामटेकेंना बोलवा, ते शब्द चुकत नाहीत. खुद्द माझी बायको म्हणाली, "रामटेकेभाऊजी कसे गोड सांगतेत. तुम्ही बोलले का वाटते, धानाचा लिलाव चालू आहे."

त्या दिवशी मला वरणसुद्धा कडू लागलं. मी ठरवलं, याला एकदा चुकताना पकडायचं. चारचौघांत एकदा चुकला की माइक माझा.

वर्षभर मागावर राहिलो. विहारापर्यंत पाठलाग केला. तिथे ते वंदना म्हणाले, मी पूजा म्हणालो, आणि पकडला गेलो मीच.

मग हिवाळ्यात त्यांची आई गेली. काही दिवसांनी त्यांनी दारोदार जाऊन इतकंच सांगितलं, रविवारी घरी या. आमची रांगच्या रांग गेली. मीही गेलो. म्हातारीचं वाईट वाटत होतं, पण कान टवकारलेले होते. बौद्धांच्या घरी याला पुण्यानुमोदन म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. बाकीच्यांना नव्हतं. साठवणेकाकू दारातूनच म्हणाल्या, तेरवीले उशीर तं नाई ना झाला? मागून सरदारजींनी त्यांच्याकडच्या दिवसकार्याचा शब्द वापरून विचारलं, भोग कितने बजे है? मी मनात म्हटलं, आता बघा. आता हा आईच्या फोटोसमोर एकेकाला टोकणार आणि उद्यापासून याच्याशी कोणी बोलणार नाही.

"नाई काकू," रामटेके म्हणाले, "तेरवीले वेळ आहे अजून. बसा." आणि सरदारजींना म्हणाले, भोग बारा बजे, पहले चाय लीजिए.

चुकला. एका दमात दोनदा, भरल्या घरात. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"काहून नाई टोकलं, भाऊ? हे तं पुण्यानुमोदन आहे ना?"

ते पेल्यांत पाणी ओतत होते. ओतत राहिले.

"आई गेल्यापासून या घरात दुसऱ्या कोणाचा आवाज आयकला नाई, भुरेभाऊ. मीच बोलतो, मीच आयकतो. आज लोक आले." मग म्हणाले, "चुकीचं बोलायले बी माणूस घरी यावं लागते."

भंते आले, वंदना झाली, जेवणं झाली. मी कोणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि सहज म्हणालो, देवघरातला दिवा विझवून आलो. रामटेके खुर्चीत ताठ झाले. "दिवा विझवत नाई, शांत करतेत." मग चहा झाला, गप्पा झाल्या. तेव्हापासून रोज जातो. दिवसभर मशीनवर उभा राहून संध्याकाळची चूक तयार करतो. चांगली चूक सुचणं सोपं नसतं, महाराज.

परवा अशी एक अव्वल चूक घेऊन पोचलो, तर दारात सरदारजींचा जोडा. आत माझ्या खुर्चीत बसून ते सांगत होते की काल विहारात काय झकास आरती झाली, आणि रामटेके हसून हसून त्यांना दुरुस्त करत होते.

असा जळालो म्हणून सांगू. उद्यापासून बस थांबण्याआधीच उडी मारून ती खुर्ची गाठणार आहे.