नानांचा कान

"बॉनेटले हात लावू नको," सकाळी साडेसातला नानांनी ताईबाईंना बजावलं, आणि जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या घरात दिवसाची सुरुवात भांडणाने झाली.

ताईबाईंचं म्हणणं सरळ होतं. गाडी पहिल्यांदा गावाबाहेर निघायची तर पूजा हवी, आणि पूजा म्हणजे बॉनेटवर स्वस्तिक. नानांचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. जीप त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असली तरी तिचा रंग परवाचा होता. त्यावर तुपात कालवलेलं कुंकू लागलं की डाग जन्मात निघणार नाही. दोघांच्या मध्ये त्यांचा मुलगा कुंदन घड्याळाकडे बघत उभा होता. शेवटी नानांनीच तोडगा काढला. ड्रायव्हरच्या सीटच्या बगलेत पेट्रोलच्या टाकीचं झाकण होतं, जुनं, रंग न दिलेलं. "तठे काढ, काय काढनं शे ते," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. ताईबाईंनी तोंड वाकडं करून झाकणावर लहानसं स्वस्तिक काढलं, बरोबर मधोमध अक्षता दाबून बसवल्या, नारळ फोडला. पुढच्या चाकाखालचं लिंबू चिरडून जीप धुळ्याच्या दिशेने निघाली.

जीवराम नानांनी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं काढली होती. आवाज ऐकून इंजिनाचा आजार सांगायचा, ही त्यांची ख्याती. निवृत्त झाल्यावर ऐकायला इंजिनच उरलं नाही, तेव्हा ते ओट्यावर खुर्ची टाकून बसायला लागले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षांचे दोष मोठ्याने सांगायला लागले. रिक्षावाले पुढच्या गल्लीतून जायला लागले. मग तेही बंद झालं. नाना नुसते बसून राहायचे, जेवायला हाक मारली तरी दोनदा मारावी लागायची. एक दिवस कुंदनने फैजपूरला एका केळीवाल्याच्या गोठ्यात ही जीप पाहिली. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कोंबड्या उतरवून त्याने ती घरी आणली, आणि नाना खुर्चीवरून उठले ते तीन वर्षं पुन्हा बसले नाहीत. कुंदन ऑफिसातून आला की दोघं जीपखाली. म्हणजे काम नाना करायचे. कुंदनने उजेडाला बॅटरी धरायची, पाना द्यायचा आणि शिव्या खायच्या. कार्बुरेटरला हात लावायची त्याला परवानगी नव्हती.

आता प्रश्न कागदांचा होता. जीपची नोंदणी धुळ्याची. तिथल्या परिवहन कार्यालयाने पत्र धाडलं होतं: आज दुपारी एकपर्यंत गाडी तपासणीला हजर करा, नाहीतर नोंदणी रद्द. आदल्या दिवशी जेवताना नाना म्हणाले होते की नापास झाली तर सोमवारी भंगारवाल्याला बोलवायचं, उगाच दारात मढं नको. नाना बोलले की करायचे. कुंदनला भंगाराची भीती नव्हती, त्याला ओट्यावरच्या त्या खुर्चीची भीती होती.

जळगाव ते धुळे म्हणजे काही फार नाही. पण पाळधी मागे पडली, आणि छान घुमत असलेली जीप एकदम ठसकली, दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला मुकाट उभी राहिली.

नाना अजिबात घाबरले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. वर्कशॉपचा त्यांचा नियम होता, आधी पेट्रोल बघायचं, मग बाकीचं. जीपचा काटा कधीच मेला होता, म्हणून कुंदनने झाकण उघडून टाकीत काठी बुडवली. टाकी भरलेली होती. तोवर नाना बॉनेट उघडून आत वाकले होते. "प्लग," ते म्हणाले. चारही प्लग काढले, पॉलिश पेपरने घासले, पुन्हा बसवले. वीस मिनिटं गेली. स्टार्टर दाबला, जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली. नानांनी कुंदनकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात छत्तीस वर्षांची नोकरी होती.

एरंडोलच्या अलीकडे ती पुन्हा बंद पडली. तसाच ठसका, तसेच दोन आचके.

पेट्रोल बघ. कुंदनने झाकण उघडलं, काठी बुडवली, पेट्रोल आहे म्हणून सांगितलं. नानांनी ठरवलं की प्लग तर होतेच, पण खरा चोर ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमध्ये बसलाय. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. नाना सुट्या भागांची पिशवी घेतल्याशिवाय लग्नालाही जात नसत. जीप सुरू झाली. पावणेअकरा वाजले होते. आता धुळ्यापर्यंत बघायला नको, असं नानांनी जाहीर केलं.

एरंडोल ओलांडून दहा-बारा किलोमीटर झाले आणि बघायला लागलंच.

या वेळी मागून एक केळीचा टेम्पो येऊन थांबला. चालवणारा वना म्हणून फैजपूरचाच गडी निघाला, आणि जीप पाहताच त्याने ती ओळखली. हिच्यातली अंडी लहानपणी आम्ही खाल्लीत, असं त्याने कौतुकाने सांगितलं, ते नानांना आवडलं नाही. मग त्याने दोर काढला आणि म्हणाला, धुळ्यापर्यंत टोचन करून नेतो, तास-सव्वा तासाचं तर काम. कुंदनचा जीव भांड्यात पडला. त्याने दोराचं टोक धरलंसुद्धा.

"सोड तो दोर," नाना म्हणाले. "मन्ही गाडी कोनी ओढत लई जावाव नही."

"नाना, सव्वाअकरा झालेत. एक वाजता ऑफिस बंद."

"बंद पडेल गाडी तपासाले नेतस का कोनी? पेट्रोल बघ."

वना दोर गुंडाळून निघून गेला. जाताना त्याने कुंदनच्या खांद्यावर हात ठेवला, जसा आपण आजारी माणसाच्या घरच्यांच्या खांद्यावर ठेवतो. कुंदनने झाकण उघडलं, काठी बुडवली, झाकण लावलं. नानांनी कार्बुरेटर खोलला, त्यातला बारीक भोकाचा जेट फुंकला, उन्हात धरून पाहिला, पुन्हा फुंकला. जीप सुरू झाली. तीन वेळा बरोबर ठरलेला माणूस चौथ्या वेळेची वाट बघतो तेव्हा त्याला अभिमानाने बोलता येत नाही.

चौथी वेळ पारोळ्याच्या पुढे आली. बारा वाजायला आठ मिनिटं कमी होती. पस्तीस किलोमीटर राहिले होते, आणि आजूबाजूला कपाशीशिवाय काही नव्हतं.

नाना उतरले. त्यांनी पंपाला हात लावून पाहिला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पेट्रोलचा पंप तापतोय, आत वाफ धरतेय, एवढं साधं आपल्याला आधी कसं कळलं नाही, असं ते स्वतःशीच बोलले. ताईबाईंनी दशम्या बांधून दिलेलं फडकं त्यांनी सोडलं, दशम्या कुंदनच्या मांडीवर आल्या, फडकं बाटलीतल्या पाण्यात भिजवून पंपाभोवती गुंडाळलं. कुंदन झाकणाकडे वळला तसे ते खेकसले, पेट्रोल काय उडून जातंय का, वेळ घालवू नको, दाब स्टार्टर.

कुंदनने स्टार्टर दाबला. जीप घरघरली, पण सुरू झाली नाही. पुन्हा दाबला. पुन्हा. चौथ्या खेपेला बॅटरीचा आवाज बसायला लागला.

सकाळपासून नानांचा एकही उपाय फसला नव्हता, हा पहिला फसला. त्यांनी फडकं पुन्हा भिजवून पंपाला गुंडाळलं. मग ते मडगार्डला टेकून उभे राहिले. कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला होता.

"मना कान गया रे, कुंदन," ते हळूच म्हणाले. "काहीच ऐकू येत नही. पहिले इंजिन सांगे मले."

कुंदनला रडू यायचं तेवढं बाकी होतं. काहीच न करता बसवेना, म्हणून सकाळपासूनची सवय झालेलं एकच काम त्याने केलं. झाकण फिरवलं.

सूंऽऽ करून टाकीने हवा आत ओढली.

हा आवाज त्याने सकाळपासून तीनदा ऐकला होता आणि तिन्ही वेळा उन्हाने पेट्रोल तापल्याचा असेल म्हणून सोडून दिला होता. नानांनी तो एकदाही ऐकला नव्हता, कारण तिन्ही वेळा ते बॉनेटमध्ये डोकं घालून होते. कुंदनने झाकण हातात घेऊन उलटसुलट केलं. झाकणाच्या मधोमध हवा जायला सुईएवढं भोक असतं. त्या भोकात तुपातलं कुंकू घट्ट बसलं होतं, आणि वरून तांदळाचा एक दाणा, बूच मारल्यासारखा. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नव्हतं. प्लग नाही, पॉइंट नाही, जेट नाही. सकाळपासून गाडी सुरू होत होती ती फक्त काठी बुडवायला झाकण उघडत होतं म्हणून.

आता सांगायचं कसं? "नाना, तुमचे चारही उपाय चुकले, आणि कुंकू तिथं लावायला तुम्हीच सांगितलंत," हे वाक्य त्याने मनात एकदा म्हणून पाहिलं आणि समोरच्या म्हाताऱ्याचा चेहरा बघून गिळून टाकलं. कागदांच्या फायलीची टाचणी काढली, सीटआड वाकून भोक कोरलं, दाणा पाडला, झाकण फिरवून बसवलं.

"नाना, फडकं अजून थोडं ओलं करा बरं," तो म्हणाला. "पंपच असणार."

नानांनी फडक्यावर बाटली रिकामी केली. जीप सुरू झाली. नाना येऊन स्टिअरिंगवर बसले.

त्यानंतर ती धुळ्यापर्यंत थांबली नाही. कुंदनचे कान मात्र प्रत्येक खड्ड्याला टवकारत होते. मुकटीला समोरून गुरं आडवी आली तेव्हा त्याने देवाला आठवलं, अवधानच्या चौकात सिग्नलला इंजिन जरा हलकं झालं तेव्हा पुन्हा आठवलं. उपाय लागू पडल्यावर व्याख्यान द्यायची नानांची सवय, पण आज अवाक्षर नाही. ते रागावलेत की थकलेत, हे कुंदनला कळेना.

एकला दहा मिनिटं कमी असताना जीप आवारात शिरली. तपासणीला सारिका मॅडम म्हणून तरुण अधिकारी होत्या, डबा उघडायच्या बेतात. त्यांनी डबा बाजूला ठेवला, चेसिसचा नंबर ताडून पाहिला, दिवे लावायला लावले, आवारात दोन फेऱ्या मारायला सांगून ब्रेक बघितले. कुंदन फाईल छातीशी धरून उभा होता. त्याच्या हाताला घाम सुटून पुठ्ठ्याचा रंग बोटांना लागला. मॅडमनी कागदावर सही केली, शिक्का मारला आणि गाडी पास झाल्याचं सांगितलं.

मॅडम कागद देता देता थांबल्या. त्यांच्या वडिलांचीही साक्रीला अशीच जीप आहे, म्हणाल्या. दहा-पंधरा किलोमीटर चालते आणि बंद पडते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. आबा फार खचलेत. मेकॅनिक म्हणतोय सोमवारी इंजिन उतरवू.

"तुम्ही जाणकार दिसता, नाना. जळगावहून चालवत आणलीत. काय असेल ते?"

कुंदनने बुटांकडे पाहिलं. आता नाना पंप म्हणणार, आणि साक्रीचं एक धडधाकट इंजिन त्याच्या गप्प बसण्यामुळे खोललं जाणार. तो तोंड उघडणार, इतक्यात नाना बोलले.

"इंजिन उतरवू नका देऊ, ताई. टाकीच्या झाकणाला हवेचं भोक असतं. ते बुजलं असेल. टाचणीनं साफ करा." मग ते म्हणाले, "आज आमचंही बुजलं होतं. माझ्याच चुकीनं. मी वाटभर चार ठिकाणी नको ते खोललं. ह्या पोरानं शोधलं."

मॅडमनी तिथूनच साक्रीला फोन लावला. कुंदनने नानांना बाजूला घेतलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू टाचणी खुपसत होता ना, आरसामा दिखनं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलना का?" नाना म्हणाले, आणि खिशातली किल्ली काढून त्यांनी कुंदनच्या हातावर ठेवली. परतीच्या वाटेवर ते डाव्या सीटवर बसले, उरलेल्या दशम्या खाल्ल्या आणि पारोळ्यापर्यंत झोपले.

घरी पोचले तेव्हा ताईबाई फाटकात उभ्याच होत्या. गाडी पास झाल्याचं ऐकून त्यांनी आधी हात जोडले. मग पानं वाढता वाढता विचारलं, जेवायला यायचे ते चार वाजेपर्यंत कुठे होतात?

कुंदनने नानांकडे पाहिलं. नानांनी शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला.

"काय सांगू," ते म्हणाले. "कुंदननी प्लग ढिला ठेया व्हता. वाटमा चार डाव थांबनं पडनं."

ताईबाईंनी मग कुंदनला धरलं. इतका शिकलास, एक प्लग बसवता येत नाही, या वयात नानांना उन्हात उभं केलंस, तीन वर्षांत त्यांच्याकडून शिकलास तरी काय. कुंदनने मान खाली घालून चूक झाली म्हणून सांगितलं.

"जाऊ दे आता, त्याले बोलू नको," नाना म्हणाले, आणि आपल्या ताटातली शेंगदाण्याची चटणी त्याच्याकडे सरकवली. "शिकी जाई हळूहळू."